जुलैत मार्सेयजवळच्या निर्जन कालांकला जाता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात चार दिवस दक्षिण फ्रान्समधल्या मार्सेय शहरात मुक्काम आहे, सोबत दहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या सासूबाई आहेत. छत्र्या, खुर्च्या, हॉटेलं असं काही नसलेला, पांढऱ्या कड्यांच्या मध्ये निळं पाणी असलेला किनारा बघायचा आहे. गाडी भाड्याने घ्यायचा विचार आहे. सकाळी निवांत नाश्ता करून निघालं तर अर्ध्या दिवसात होईल का? आणि जाता जाता, सावरकरांनी उडी मारली ती जागा याच बाजूला आहे का?

जाता येईल. पण तुम्ही फोटो पाठवलाय तो आं-व्हो नावाच्या कालांकचा आहे. तिथे सगळ्यांनी मिळून जाऊ नका. आणि निवांत नाश्ता करून तर कुठेच जाऊ नका. मी या शहरात बरीच वर्षं राहते आणि इथल्या एका पदभ्रमण मंडळाचे गट घेऊन याच डोंगरात फिरते. त्यामुळे पुढचं जरा लांबण लागेल.

आधी ही जागा काय आहे ते. मार्सेयच्या दक्षिणेकडून कासी या गावापर्यंत सुमारे वीस किलोमीटर चुनखडीचा डोंगर थेट समुद्रात उतरतो. त्याला जिथे जिथे चिरा पडल्यात, तिथे समुद्र अरुंद बोळासारखा आत शिरलेला आहे. या प्रत्येक बोळाला इथे कालांक म्हणतात. या मुळात नद्यांनी कापलेल्या दऱ्या. समुद्र खाली होता तेव्हा त्या कोरल्या गेल्या, नंतर पाणी चढलं आणि त्यांची तोंडं बुडाली. समुद्र किती खाली होता याचा पुरावा इथेच आहे. आंरी कोस्केर नावाच्या पाणबुड्याला 1985 मध्ये मोरजिऊच्या टोकाजवळ पाण्याखाली 37 मीटरवर एका गुहेचं तोंड सापडलं. आतल्या भुयाराने वर चढत गेलं की कोरडं दालन, आणि भिंतींवर घोडे, सील आणि उडता न येणारे, आता नामशेष झालेले समुद्रपक्षी रंगवलेले, कोरलेले. सर्वांत जुनी चित्रं 27 हजार वर्षांहूनही जुनी. ती काढणारी माणसं तिथे पायी चालत गेली होती, कारण तेव्हा किनारा कित्येक किलोमीटर पुढे होता. खरी गुहा बंद आहे. तिची हुबेहूब प्रतिकृती 2022 च्या जूनपासून शहरात जुन्या बंदराजवळ बघता येते. हे मुद्दाम सांगून ठेवते, कारण तुमच्या चार दिवसांतला एक दिवस तिथे जायची पाळी येऊ शकते. का ते पुढे येईल.

फोटोत माणूस दिसत नाही म्हणून जागा निर्जन आहे असं धरून चालू नका. मार्सेयची वस्ती साडेआठ लाखांच्या वर आहे आणि हा डोंगर शहराच्या अगदी पाठीला लागून आहे. विद्यापीठाच्या आवारात सिटी बसमधून उतरायचं आणि चालायला लागायचं. 2012 मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं, त्यामुळे नवं बांधकाम होत नाही. पण बांधकाम नसणं वेगळं आणि माणूस नसणं वेगळं. सोरमिऊ आणि मोरजिऊ या दोन कालांकांत तर जुन्या कोळ्यांच्या आणि मार्सेयच्या कुटुंबांच्या छोट्या झोपड्या आहेत, खानावळी आहेत, खालपर्यंत डांबरी रस्ता आहे. जागा सुंदर आहेत, पण तुम्हाला हवं ते हे नाही. शिवाय उन्हाळ्यात दिवसा तो रस्ता बाहेरच्या गाड्यांना बंद असतो.

आता जुलैबद्दल. जुलैत या डोंगरात जायचं की नाही हे तुमच्याआधी जिल्हा प्रशासन ठरवतं. 1 जून ते 30 सप्टेंबर या काळात वणव्याच्या धोक्यानुसार रोज रंग जाहीर होतो: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. दुसऱ्या दिवशीचा रंग आदल्या संध्याकाळी कळतो. लाल असेल तर डोंगर बंद. पायवाटांच्या तोंडाशी माणसं उभी असतात, आत गेलात तर दंड होतो. हा कागदी नियम नाही. 1990 च्या ऑगस्टमध्ये याच डोंगरातली हजारो हेक्टर झाडी जळली. 2025 च्या जुलैत शहराच्या उत्तरेला वणवा पेटला तेव्हा मार्सेयचा विमानतळ बंद करावा लागला होता. पाइन वृक्षांत तेलकट राळ असते, खाली वाळलेली झुडपं, महिनोनमहिने पाऊस नाही, आणि वर मिस्त्राल नावाचा वायव्येचा कोरडा वारा. म्हणून बिडी-सिगारेट, शेगडी, कॅम्पिंग सगळं बंद. मुक्कामाचा बेत मनात असेल तर तो आत्ताच सोडा.

यामुळे माझा पहिला सल्ला: कालांकचा दिवस चारांतला शेवटचा ठेवू नका. पहिल्याच शक्य दिवशी जा, म्हणजे लाल निघाला तर पुढचे दिवस हाताशी राहतात. आणि लाल दिवशी कोस्केर गुहेची प्रतिकृती.

दुसरी अडचण सुजितोंची. शहराला सर्वांत जवळचा निर्जन म्हणावा असा कालांक हाच, आणि ल्युमिनी या विद्यापीठाच्या आवारापासून तासाभरात पोचता येतं. त्यामुळेच त्याची वाट लागली. ऐन उन्हाळ्यात दिवसाला अडीच हजारांपर्यंत माणसं तिथे उतरत. पायांखाली माती सुटत गेली, पाइनची मुळं उघडी पडली. जुनी झाडं तगली तरी त्यांच्याखाली नवं रोप धरेना. म्हणून 2022 पासून उन्हाळ्यातल्या गर्दीच्या दिवसांत तिथे आरक्षण सुरू केलं आहे. दिवसाला 400 माणसं, एक पैसा नाही, पण नाव नोंदवून मोबाइलवर आलेला क्यूआर कोड दाखवावाच लागतो. नसेल तर 68 युरो दंड. जागा काही दिवस आधी सुटतात आणि बघता बघता संपतात. जुलै-ऑगस्टमध्ये तर ही अट रोज असते. उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच नोंदणी करा. कोणी पैसे मागत असेल तर तो ठकवतोय.

मला विचाराल तर, भूमध्य समुद्रावरच्या इतक्या किनाऱ्यांपैकी मोजून माणसं सोडायचं धाडस एका मोठ्या शहराने केलं ही फार चांगली गोष्ट झाली. सुरुवातीला इथल्या लोकांनी नाकं मुरडली होती. आता तेच लोक नोंदणीच्या वेळेला मोबाइल हातात घेऊन बसतात.

आरक्षण मिळालं नाही तरी सुजितोंच्या वरच्या कड्यावरच्या सज्जापर्यंत जायला बंदी नसते. खिंडीपर्यंत रुंद रस्ता आहे, सावली अधूनमधून. वरून पाण्यातलं ते जहाजाच्या आकाराचं खडकाळ बेट दिसतं, ज्याला इथले लोक युद्धनौका म्हणतात. खाली उतरणं न उतरणं नंतरची गोष्ट, फोटो वरूनच चांगला येतो. सुजितोंच्या शेजारी एक मोकळा दिसणारा खड्याळ किनारा आहे, तिकडे वळू नका. वरून दगड कोसळतात म्हणून तो बंद केलेला आहे. कुंपण ओलांडून बसलेली माणसं दिसतील, त्यांच्याकडे बघून धीर करू नका.

आता तुमचा आं-व्हो. देखणेपणात त्याला तोड नाही हे मान्य. दोन्ही बाजूंना उभे कडे, मध्ये अरुंद पाणी, शेवटी गोट्यांचा छोटा किनारा. वाळू नाही. कासीहून पोर-मिऊ आणि पोर-पँ हे दोन कालांक ओलांडून दीड ते दोन तासांत पोचता येतं, पण शेवटचा टप्पा वेगळा आहे. पोर-पँनंतर पठारावर चढायचं आणि मग आं-व्होच्या दरीत सरळ खाली. ही उतरण म्हणजे घसारा आणि मधूनमधून कातळ. आणि तो कातळ लाखो बुटांनी घासून आरशासारखा झाला आहे. आपला बेसॉल्ट कोरडा असला की बूट धरतो, ही चुनखडी कोरडी असतानाही सटकते. ज्यांनी सह्याद्रीत ट्रेक केलेत त्यांनाही हे सांगावं लागतं, किंबहुना त्यांना जास्त, कारण ते उतरताना पाय बिनधास्त टाकतात. दुसरी वाट गार्दिओलच्या बाजूने दरीतून येते. ती सौम्य आहे, पण लांब आहे, आणि परतताना तीच चढावी लागते.

परतीचं गणित लोक करत नाहीत. घाटावरून किल्ला चढणाऱ्याला सवय असते की चढ आधी आणि उतार नंतर, म्हणजे दमल्यावर उतार मिळतो. इथे उलटं. सकाळी ताजेतवाने असताना उतरायचं आणि पोहून, उन्हात तापून, पाणी संपलेलं असताना दुपारी चढायचं. इथे मदतपथकं धावतात ती बहुतेक याच वेळी: पाय मुरगळलेला, पायात सपाता, बाटली रिकामी. पांढरा दगड ऊन परत फेकतो, दरीत वारा पोचत नाही. दुपारी दोन वाजता आं-व्होहून वर निघालेला माणूस बघितला की मला त्याच्या बाटलीत किती पाणी आहे ते विचारावंसं वाटतं, आणि मी विचारतेही.

पाण्याचं नीट सांगते. खाली नळ नाही, दुकान नाही, झरा नाही. किल्ल्यावर कुठे ना कुठे टाकं असेल ही आपल्या लोकांच्या रक्तातली आशा इथे कामाची नाही. चुनखडी पाऊस पिऊन टाकते, वर थेंब राहत नाही. ते पाणी जातं कुठे? पोर-मिऊच्या खालून एक भूमिगत नदी समुद्रात सुटते. तिच्या बोगद्यात पाणबुडे 200 मीटरहून खोल उतरलेत. गेल्या शतकात बोगद्यात बांध घालून ते पाणी वापरायचा प्रयत्न झाला, पण खारटपणा काही गेला नाही. म्हणजे तुमच्या पायाखालून नदी वाहत असते आणि प्यायला एक घोट मिळत नाही. मोठ्या माणसाला जुलैत तीन लिटर, मुलीला दोन. यात कोल्ड्रिंक धरू नका. सोबत मीठ-साखर-लिंबू टाकलेली एक बाटली, आणि परतीसाठीचं पाणी वेगळ्या पिशवीत, चढ सुरू होईपर्यंत उघडायचं नाही.

तर तुमच्यासाठी पोर-पँ. आं-व्होइतका नाट्यमय नाही, पण पाइनची सावली किनाऱ्याला लागून आहे, पाण्यात उतार हळूहळू वाढतो, आणि कासीच्या टोकाजवळच्या वाहनतळापासून चालत पाऊण तासाच्या आत पोचता येतं. पहिला भाग पोर-मिऊच्या कडेने, जिथे बोटी ओळीने नांगरलेल्या असतात. इथे पूर्वी दगडाची खाण होती, कापलेल्या पायऱ्या अजून दिसतात. मग खडकाळ वाट, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची खूण धरून चालायचं. किनाऱ्यावर आठच्या आधी पोचायचं, म्हणजे सातच्या सुमारास चालायला लागायचं. त्या वेळी तिथे स्थानिक दोन-चार आजी-आजोबा पोहत असतात, बाकी कोणी नाही. साडेनऊला पहिले गट येतात, अकराला टॉवेल टाकायला जागा शोधावी लागते, आणि तोवर तुम्ही परतीच्या वाटेवर असलं पाहिजे. निर्जनपणा हवा तर तो या दीड-दोन तासांत आहे. त्यासाठी दुसरा आडबाजूचा कालांक शोधण्यापेक्षा गजर लावणं सोपं.

तुमच्यापैकी एकाला आं-व्हो बघायचाच असेल तर पोर-पँहून वरच्या पठारावर जाऊन कड्याच्या काठावरून बघून यावं, खाली न उतरता. काठाच्या फार जवळ जाऊ नका, वाऱ्याचा झोत अचानक येतो.

सासूबाईंना या वाटेवर नेऊ नका असं मी म्हणेन. त्यांच्या गुडघ्यांबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण घासलेल्या चुनखडीवर तोल जाणं हा गुडघ्यांचा नाही, पावलांच्या नजरेचा प्रश्न असतो आणि सत्तरीत तो येतोच. त्यांच्यासाठी कासीच्या बंदरातून बोट. तीन कालांकांची फेरी साधारण पाऊण तासाची असते आणि त्यात पोर-मिऊ, पोर-पँ आणि आं-व्हो तिन्ही येतात. लांबच्या फेऱ्याही आहेत. या बोटी किनाऱ्याला लागत नाहीत, त्यामुळे खाली उतरवून देतील या भरवशावर तिकीट काढू नका. खरं सांगायचं तर आं-व्होचे कडे पाण्यातून वर बघताना जे दिसतात ते किनाऱ्यावरून दिसत नाहीत. त्या दिवशी सगळ्यांत चांगलं दर्शन त्यांनाच झालं असं होण्याची शक्यता बरीच आहे. मिस्त्राल जोरात असेल तर बोटी सुटत नाहीत.

मिस्त्रालबद्दल अजून एक. कोकणात वाढलेला माणूस समुद्रावर जाताना पहिल्यांदा भरती-ओहोटी विचारतो. इथे ती विसरा. भूमध्य समुद्राला भरती जेमतेम वीत-दीड वीत, तीही लक्षात येत नाही. इथे वारा विचारायचा. मिस्त्राल जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, किनाऱ्याजवळचं तापलेलं वरचं पाणी बाहेर ढकलतो आणि त्याच्या जागी खालचं थंड पाणी वर येतं. जुलैत 23-24 अंश असलेलं पाणी दोन दिवसांच्या वाऱ्याने 16 अंशांवर येऊ शकतं. आकाश निरभ्र, ऊन कडक, आणि पाण्यात पाय टाकला की कळ मस्तकात. मुलीला अशा वेळी एकदम उडी मारू देऊ नका. उलट पूर्वेचा किंवा दक्षिणेचा वारा सुटला की लाटा सरळ कालांकच्या तोंडात शिरतात आणि गोट्यांच्या किनाऱ्यावर उभं राहणं कठीण होतं. वाऱ्याची दिशा आणि वेग आदल्या रात्री वणव्याच्या रंगासोबतच बघा. जीवरक्षक कुठेही नाही. आपत्कालीन क्रमांक 112, समुद्रातल्या अडचणीसाठी 196. दरीत मोबाइलची रेंज येते-जाते.

पायात काय घालावं यावर मी हट्टी आहे. चालायला नीट तळव्याचे बंद बूट, आणि पाण्यात उतरायला रबरी पातळ बूट वेगळे. गोटे टोचतात ते सोडा, खडकांवर समुद्री साळिंदर चिकटलेले असतात. त्यांचे काटे तळपायात मोडले की चिमट्याने एकेक काढत संध्याकाळ जाते. पाण्यात जांभळट-गुलाबी छोट्या जेलीफिश दिसल्या तर त्या दिवशी पोहणं सोडून द्या. डंख झालाच तर समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, गोडं पाणी ओतायचं नाही, चोळायचं नाही, चिकटलेले तंतू एखाद्या कार्डाच्या कडेने खरवडून काढायचे. पाण्याखाली बघायचा चष्मा मात्र नक्की न्या. मुलीला त्यासाठीच न्यायचं, असंही मी म्हणेन. तळाशी हिरव्या पट्ट्यांची कुरणं दिसतील. ते शेवाळ नाही, पोसिडोनिया नावाचं समुद्री गवत आहे. त्याला मुळं, फुलं, फळं सगळं येतं, आणि माशांची पिल्लं त्यातच वाढतात. फ्रान्समध्ये 1988 पासून ते संरक्षित आहे. त्याची वाळलेली पानं किनाऱ्यावर तपकिरी ढिगाऱ्यांत पडलेली दिसतात. पर्यटक नाक धरून कचरा म्हणतात, पण ते ढीग लाटांचा मारा झेलतात म्हणून किनारा टिकतो. त्यावर बसायलाही छान असतं.

खाणं डब्यात बंद ठेवा. इथले कुरव पक्षी निर्ढावलेले आहेत, हातातली पोळी नेतात. मेथीचे ठेपले, गुळपोळी असं न सांडणारं बरं. कचरापेटी खाली नाही, सगळं वर घेऊन यायचं, फळांची सालंही. शौचालय नाही, तेव्हा सकाळी निघण्यापूर्वीची सोय हॉटेलवरच. ड्रोन बंद. मोठ्याने गाणी लावू नका हे सांगायला नको, पण दर उन्हाळ्यात सांगावं लागतं.

आता एक गोष्ट जी प्रवासाच्या पानांवर सहसा नसते. नकाशा बघून तुम्ही म्हणाल, सुजितों गर्दीचा, आं-व्हो अवघड, मग पश्चिमेकडचा हा कोर्तिऊ कालांक का नको? तिथे तर कोणीच दिसत नाही. कोर्तिऊत मार्सेयचं सांडपाणी समुद्रात सुटतं. 1896 मध्ये शहराचं गटार तिथवर नेलं आणि पुढची जवळजवळ नव्वद वर्षं ते प्रक्रिया न करता सोडलं जात होतं. शुद्धीकरण केंद्र आलं 1987 मध्ये. आजही तिथे पोहायचं नाही. कासीसमोरच्या खोल समुद्रात तर अ‍ॅल्युमिनाच्या कारखान्याचा लाल गाळ नळाने सोडला जात होता, तो 2015 च्या अखेरीस थांबला. पश्चिमेकडे एस्कालेतच्या बाजूला जुन्या शिशाच्या भट्ट्यांची राख आहे. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही, पोर-पँचं पाणी पोहायला चांगलं आहे. पण या किनाऱ्यावर माणूस नाही असं दिसलं तर कारण विचारून मगच पुढे जा. कधी कारण चढाचं असतं, कधी कोसळणाऱ्या दगडांचं, कधी गटाराचं.

तारखा बदलता येत असतील तर मे महिना घ्या. मुलीची उन्हाळ्याची सुट्टीच असते. वणव्याची बंदी 1 जूनला सुरू होते, त्याआधी सगळ्या वाटा मोकळ्या, डोंगरावर रोझमेरीचा वास, ऊन सोसवणारं. पाणी 16-17 अंश, म्हणजे पोहणं धाडसाचं. मेमध्ये इथे सार्वजनिक सुट्ट्या बऱ्याच असतात, त्या जोडून येणारे शनिवार-रविवार टाळायचे. दिवाळीची सुट्टीही चांगली. ऑक्टोबरच्या अखेरीस समुद्र 18-19 अंशांवर असतो, जुलैतल्या मिस्त्रालनंतरच्या पाण्यापेक्षा गरम. फक्त तेव्हा दिवस लहान असतो, अरुंद कालांकांत ऊन लवकर कड्याआड जातं आणि शरद ऋतूत पाऊस आला तर मुसळधार येतो. मी स्वतः पाहुण्यांना ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात बोलावते.

गाडी घेऊ नका. कासीजवळचे वाहनतळ उन्हाळ्यात सकाळीच भरतात, अरुंद रस्त्यावर मागे वळायलाही जागा मिळत नाही, आणि वाटांच्या तोंडाशी उभ्या गाड्यांच्या काचा फुटणं इथे नवीन नाही. मार्सेयच्या मुख्य स्थानकातून कासीला रेल्वेने पंचवीस-तीस मिनिटं लागतात. स्थानक गावापासून तीन किलोमीटरवर आहे, तिथून स्थानिक बस. पण सकाळी सातला चालायला लागायचं तर रेल्वे-बसचा मेळ बसणार नाही. त्यापेक्षा आदली रात्र कासीतच काढा. संध्याकाळी रंग कळेल, पहाटे पायी निघाल, आणि बारापर्यंत परत येऊन जेवून सासूबाईंना घेऊन बोटीत बसाल. अर्धा दिवस नाही, पूर्ण दिवस धरा.

सावरकरांची जागा याच्या उलट बाजूला, शहरातल्या बंदरात. 8 जुलै 1910 ला ‘मोरिया’ बोट मार्सेयच्या बंदरात उभी असताना ती उडी झाली. कालांक दक्षिणेला, आजचं मोठं बंदर उत्तरेला. जुन्या बंदरापासून धक्क्याच्या कडेने उत्तरेकडे चालत गेलात की तो परिसर येतो. धक्के त्यानंतर पुष्कळ बदलले आहेत, त्यामुळे नेमक्या दगडावर उभं राहून फोटो काढायचा हट्ट धरू नका. मराठी पाहुणे हे विचारतातच. पण मी त्यांना अजून एक ठिकाण सुचवते, जे सुजितोंच्या बाजूलाच आहे: माझार्गचं युद्धस्मशान. पहिल्या महायुद्धात 1914 च्या शरदात भारतीय फौजा याच बंदरात उतरल्या होत्या. त्यांतले अनेक जण इथे पुरलेले आहेत, आणि ज्यांचं दहन झालं त्यांच्यासाठी वेगळं स्मारक आहे. दक्षिणेच्या वस्तीतच आहे, सिटी बसने जाता येतं. सज्ज्यावरून परतताना अर्धा तास पुरतो.